आजोबांची थ्री नॉट थ्री

पत्र : बीड जिल्ह्यातले ६४ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक लिहितात. त्यांचे वडील हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या कँपात होते. दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून आले की ढाळजेत बसून ‘थ्री नॉट थ्री’ (.३०३) रायफलीची गोष्ट सांगायचे. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा टेक्ससला असतो, ग्रीन कार्ड मिळालंय. तिकडे जुन्या लष्करी बोल्ट अ‍ॅक्शन रायफली (बोल्ट नावाची खीळ हातानं मागेपुढे करून दर गोळी भरायच्या) रीतसर दुकानात मिळतात. आजोबांची आठवण म्हणून एक घ्यावी आणि रेंजवर चालवावीही, असं त्याच्या मनात आहे. ली-एनफिल्ड (म्हणजे हीच थ्री नॉट थ्री), माउझर की मोसिन, हे ठरत नाही. डिसेंबरात गुरुजी आणि त्यांच्या सौ. तिकडे जाणार आहेत. एक रायफल इथेही, वाड्यात वडिलांच्या फोटोखाली असावी अशी गुरुजींची इच्छा. ओळखीतला एक जण म्हणतो, ‘खरी मिलिटरीची आणून देतो, कागदाचं मागून बघू.’ शिवाय माळवदावरच्या खोलीत पणजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक पडून आहे, तिचे कागद सापडत नाहीत. सौ. म्हणतात, घरात नातवंडं येतात, हे खूळ नको. काय करावं?

गुरुजी, रामराम.

आधी एक काम करा. त्या ओळखीतल्या माणसाला आजच फोन लावा आणि नको म्हणून सांगा. कारणं पुढे सांगतोच, पण ती वाचून होईपर्यंत त्यानं रायफल गोणपाटात गुंडाळून तुमच्या ढाळजेत आणून टेकवली, तर माझं सगळं लिहिणं वाया.

‘खरी मिलिटरीची’ म्हणतो ना तो? अडचण तिथंच आहे. आपला शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. त्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर बोअरच्या बोल्ट अ‍ॅक्शन रायफली, आणि ज्या रायफलीत ही सरकारी काडतुसं बसून उडू शकतात ती कुठलीही रायफल, पहिल्या वर्गात टाकलेली आहे. कचेरीच्या भाषेत ‘पीबी’, प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं प्रतिबंधित माप. कलेक्टर कचेरीतून आपल्यासारख्यांना मिळाला तर मिळतो तो ‘एनपीबी’चा, म्हणजे प्रतिबंध नसलेल्या बोअरचा परवाना, पीबीचा निर्णय केंद्र सरकारच्या हातात. वडिलांच्या फोटोखाली शोभेल, हे कारण तिथं पुरणारं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगण्याची शिक्षा किमान ७ आणि कमाल १४ वर्षं झाली आहे. ‘बोअर’ वेगळं आणि ‘शस्त्र’ वेगळं, असा कीस तुमचे वकील कोर्टात पाडतीलही. पण तो कीस पडेपर्यंत तुम्ही कुठं असाल, याचा विचार करा.

आणि ती खरी नसलीच, कुठल्या तरी भट्टीवर नळी ठोकून केलेली असली, तर कायद्याच्या आधी तीच तुमचा हिशोब करील. .३०३ चं काडतूस फुटतं तेव्हा आतला दाब पेलायला ठरावीक पोलाद लागतं. ते नसलं की बोल्ट मागे येतो, आणि मागे तुमचा चेहरा असतो.

म्हणजे या बाबतीत वहिनींचं शंभर टक्के बरोबर.

आता इथं कायद्यानं मिळण्यासारखं काय आहे, तेही सांगतो, कारण असं विचारणारी पत्रं लातूर-नांदेडकडूनही येतात. इंग्रजांना धास्ती होती की फौजेचं काडतूस रयतेच्या बंदुकीत बसायला लागलं तर कोठारातून ते बाहेर पाझरणार. म्हणून हिंदुस्थानातल्या खाजगी लोकांसाठी वेगळ्या मापाचं काडतूस चालवलं, ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिखर काडतुसाच्या मापाचं. तेच .३१५, आपल्याकडचं ‘थ्री फिफ्टीन’. कोलकात्याजवळच्या ज्या इशापूर कारखान्यानं फौजेला थ्री नॉट थ्री पुरवल्या, त्यानंच पुढे ही .३१५ स्पोर्टिंग रायफल केली. बोल्ट ली-एनफिल्डच्याच घाटणीचा, मॅगझिनमध्ये दहाऐवजी पाच काडतुसं. थोडक्यात, थ्री नॉट थ्रीची धाकटी बहीणच. इंग्रजांच्या संशयातून जन्मलेली आणि अजून परवान्यावर मिळणारी.

तरी ती घ्या असं मी म्हणणार नाही. परवान्याला सबळ कारण दाखवावं लागतं, पोलीस चौकशी होते, दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं. निवडणूक लागली की ठाण्यात नेऊन जमा करा, निकाल लागला की सही करून परत आणा. शेताच्या वस्तीवर एकटं राहणारा माणूस हे सगळं करतो, कारण त्याला गरज असते. भिंतीवरच्या फोटोसाठी एवढ्या खेपा कोण घालणार? नेम धरायची खरंच हौस असेल तर मान्यताप्राप्त रायफल क्लबाचं सभासद व्हा. कायद्यानं अशा सभासदाला .२२ ची रायफल सरावासाठी वापरता येते. किंवा .१७७ ची साधी एअर रायफल घ्या. २० जूलच्या आतली असली तर तिला परवाना लागत नाही. हे ऐकून नाक मुरडू नका. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटरचं ऑलिंपिक कांस्य मिळवलं ते .२२ वरच.

माळवदावरची ठासणीची बंदूक हा सगळ्यात नाजूक विषय, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी जुन्या वाड्यांतला. कुणी ती कडब्याच्या गंजीत खुपसून ठेवतं, कुणी विहिरीत टाकतं. दोन्ही करू नका. चालत नाही आणि दुरुस्त करूनही चालणार नाही, अशी जुनाट किंवा पुराणवस्तूच्या मोलाची हत्यारं १९५९ च्या कायद्यातून वगळली आहेत, हे खरं. पण ‘चालणार नाही’ हे तुम्ही-मी ठरवायचं नसतं. आधी कागद शोधा. परवाना ज्याच्या नावे होता तो गेला, की वारसांनी हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं आणि वारसा हक्कानं स्वतःच्या नावे परवाना मागायचा, ही रीत आहे. कागद नाहीच सापडले तर वकिलाला सोबत घेऊन, लेखी अर्ज देऊन, स्वतःहून कळवा. अर्जाची पोच घ्या. आणि तोवर तिला हात लावू नका, पुसायलासुद्धा नाही. ठासणीच्या बंदुकीत पन्नास वर्षांपूर्वी कुणी बार भरून विसरून गेलेला असू शकतो.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न. तिकडं कायदा वेगळा, ग्रीन कार्ड असल्यानं त्याला रायफल घेता येते, तेव्हा निवडीचा विचार मोकळेपणानं करू. पण त्याआधी तुम्हालाच एक विचारतो. तुमच्या वडिलांच्या हातात नेमकी कोणती बंदूक होती?

राग मानू नका. आपण जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसं त्या पिढीतले कितीतरी जण कुठल्याही रायफलीला थ्री नॉट थ्री म्हणायचे. सरहद्दीवरचे कँप म्हणजे काही पलटण नव्हे. कुणाकडं ठासणीची असेल, कुणाकडं बारा बोअर, कुणाकडं नुसती काठी आणि निरोप पोचवायचं काम. कदाचित वडिलांनी ती रायफल चालवलीही नसेल. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली तेव्हा जवानांच्या खांद्यावर पाहिली असेल आणि तीच मनात बसली असेल. तसं असलं तरी गोष्ट खोटी ठरत नाही. अठरा वर्षांच्या पोरानं जी रायफल डोळे भरून बघितली, तीही त्याचीच. फक्त मुलगा पैसे मोजायच्या आधी तुम्हाला हे ठाऊक असलेलं बरं.

आणि ते कळायची सोय तुमच्या घरातच असू शकते. वडिलांना स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन होती का? असेल तर त्या अर्जाला कँपाचं नाव, कँपप्रमुखाचं प्रमाणपत्र, सोबत्यांची शपथपत्रं जोडलेली असणार. पत्र्याच्या पेटीत नक्कल नसेल तर कलेक्टर कचेरीत विचारा. त्या शपथपत्रांत कधी कधी एका ओळीत सगळं असतं : कुठल्या नाक्यावर, कुणाबरोबर, हातात काय होतं. डिसेंबरच्या आधी हे काम करा. मुलाला ज्या रायफलीची हौस आहे, तिची खरी कागदपत्रं ती आहेत.

धरून चालू की ती थ्री नॉट थ्रीच होती. मग माउझर आणि मोसिन यांच्यावर फार वेळ घालवायला नको. जर्मन माउझर ९८ चा बोल्ट पुढच्या बाजूनं घट्ट बसतो, मजबुतीत अव्वल. पुढं जगभरच्या शिकारी रायफलींनी ती घडण उचलली. पण बाजारात दुसऱ्या महायुद्धात रशियानं पकडलेल्या, खोलून पुन्हा जोडलेल्या, नंबर न जुळणाऱ्या बऱ्याच फिरतात. रशियन मोसिन-नागांत १८९१ ची, एके काळी अमेरिकेत पाण्याच्या भावात मिळायची, आता तेही राहिलं नाही. तिची सेफ्टी लावायला बैलाचं बळ लागतं. दोन्ही चांगल्या, पण तुमच्या घराशी दोघींचं नातं काय?

ली-एनफिल्डमध्येही दोन वाटा आहेत. मुलाला मुख्यतः चालवायची असेल तर नंबर ४ घ्यावी. तिची मागची माशी (नेम धरायची खूण) भोकाची, म्हणजे चष्मा लागलेल्या माणसालाही नेम जमतो, आणि नळी जाड. त्यातल्या काही तर अमेरिकेतच सॅव्हेज कंपनीनं केल्या. आठवण म्हणून घ्यायची असेल तर मात्र इशापूरची नंबर १ मार्क ३. चार किलोच्या आसपास वजन, दहा काडतुसांचं मॅगझिन, बोल्ट आखूड आणि लोण्यासारखा फिरणारा.

इथं माझा थोडा पक्षपात आहे, कबूल करतो. कॉलेजात एनसीसीत असताना आम्हाला कवायतीला हीच असायची. चालवायची नव्हे, ‘डीपी’, ड्रिल पर्पज, चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेला, भोक पाडून कायमची मुकी केलेली. फायरिंगला .२२. पण बटाच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्याच्या, बुडाला पितळी पत्रा आणि त्यात नखानं उघडायचं एक छोटं झाकण, ते मला अजून आठवतं. आत तेलाची बाटली आणि नळी साफ करायची पुलथ्रूची दोरी असायची. आमच्या कंपनीतल्या एका परभणीच्या पोराच्या बटात तपासणीच्या वेळी लिमलेटच्या गोळ्या निघाल्या. सुभेदारसाहेबांनी त्याला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या आणि गोळ्या स्वतः खाल्ल्या. तेव्हा मुलाला सांगा, दुकानात पहिल्यांदा ते झाकण उघडून बघ. आतली बाटली-दोरी शाबूत असली तर आधीच्या मालकानं रायफल जीव लावून ठेवली, असं समजायला हरकत नाही.

मग साल बघायचं. बोल्टाच्या मागं, उजव्या हाताची मूठ बसते त्या लोखंडी कड्यावर उजव्या अंगाला कोरलेलं असतं : मुकुट, खाली जी आर आय, मग इशापूर, साल आणि मार्क. जी आर आय म्हणजे जॉर्ज राजा आणि सम्राट. स्वातंत्र्यानंतरच्या बंदुकांवर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. वडिलांची आठवण हवी तर मुकुटवाली, १९४८ च्या आधीची घ्यायची. दुकानदार हमखास दुसरी एक पुढे करील, ‘आर एफ आय’ आणि ‘२ ए १’ असा छाप असलेली. तीही इशापूरचीच, दिसायलाही तशीच, पण ७.६२ ची आणि साठ-सत्तरच्या दशकांतली. तिची काडतुसं तिकडं सहज मिळतात, चालवायला उत्तम. फक्त तिला आजोबांची म्हणू नका; ती जन्मली तेव्हा रझाकार इतिहासजमा झाले होते.

विकत घेताना नंबर जुळतात का ते बघावं, निदान बोल्टावरचा आणि बॉडीवरचा तरी. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट असेल तर किंमत घटते हे सोडा, काडतुसाचं बूड आणि बोल्टाचं तोंड यांच्यातली फट बिघडलेली असू शकते. त्या फटीला हेडस्पेस म्हणतात. पहिली गोळी उडवायच्या आधी जाणत्या बंदूक कारागिराकडून गेज लावून ती तपासून घ्यायची. यात उधारी चालत नाही. कुठंही ‘डीपी’ छापलेलं दिसलं तर स्वस्त मिळाली म्हणून घेऊन चालवू नये. पुढच्या लाकडावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली दिसली तर मात्र ती तुटकी समजून टाकून देऊ नका. ग्रेनेड फेकायला वापरायच्या इशापूर रायफलींना तशी तार बांधत. नळीत उजेड टाकून बघा. आतले पाच खाचे डावीकडं वळत जाताना स्पष्ट दिसले पाहिजेत. तोंडाशी नळी अंडाकृती झिजलेली असेल तर पिढ्यान्‌पिढ्या वाकडी दोरी ओढून साफ केल्याची ती खूण, आणि मग नेमाचं काही खरं नाही.

जपायची आणि चालवायची अशी एकच रायफल हवी असेल तर नवीकोरी वाटणारी शोधत बसू नये. वापरलेली, नंबर जुळणारी, लाकडावर चार ओरखडे असलेली घ्यावी. लाकूड कापून शिकारी केलेली स्वस्त मिळते, चालतेही, पण तिचा भूतकाळ करवतीनंच संपवलेला असतो.

आणि मुलाला एक निक्षून सांगा : लाकडाला पॉलिशपेपर लावायचा नाही. उत्साही पोरं हेच करतात. शिक्के घासले जातात, आणि मग उरते ती कुणाचीही रायफल. फौजेत त्या लाकडाला जवसाचं तेल चोळायचे. हो गुरुजी, आपलं जवसच, चटणीचं. कच्चं तेल बोटावर घेऊन, तळहाताची ऊब येईपर्यंत चोळायचं, जास्तीचं पुसून टाकायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेलानं भिजलेली चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप पेट घेऊ शकते; पसरून वाळवावी.

काडतुसं नव्या बनावटीचीच घ्यावीत. जुनी फौजी .३०३ काडतुसं स्वस्तात मिळाली तर त्यांच्या टोपीतल्या (बुडाच्या स्फोटक टिकलीतल्या) क्षारानं नळी दोन दिवसांत गंजते. चालवलीच तर त्याच संध्याकाळी नळीतून उकळतं पाणी ओतायचं, कोरडी करायची, मग तेल. आणि घरात मूल असेल तर बोल्ट काढून वेगळ्या कुलपात, काडतुसं तिसऱ्या ठिकाणी. वहिनींना तिथं गेल्यावर हे डोळ्यांनी दाखवा, म्हणजे त्यांना शांत झोप लागेल.

राहिला तुमचा डिसेंबर. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक किंवा काडतूस हाताळायला मनाई आहे. मुलाची असली तरी, रेंजवर असली तरी. अपवाद आहेत, त्यातला सोपा म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना जवळ असणं. प्रत्यक्ष शिकारीला जावं लागत नाही, पण परवाना खिशात हवा. जायच्या आधी मुलाला ही चौकशी करायला लावा. वाचकांपैकी कुणाची मुलं एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतील तर त्यांनाही हीच मनाई लागू होते. ग्रीन कार्डवाल्याचं पाहून त्यांनी दुकानात जाऊ नये.

रेंजवर कानाला बोळे आणि वर हेडफोनसारखं कवच, दोन्ही लावा. बट खांद्याच्या खोबणीत घट्ट दाबून धरा, सैल धरलात तर ते पितळ चांगलं लागतं. पाच-दहा गोळ्या पुष्कळ झाल्या.

येताना रिकामं काडतूस, चार्जर क्लिप (काडतुसं धरायची पट्टी), काहीही आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. विमानतळावरच्या यंत्रात ते दिसतं आणि मग तुमचं ‘वडिलांसाठी’ ऐकायला तिथं कुणाला सवड नसते. टार्गेटचा कागद मात्र खुशाल आणा. मुलाला त्यावर तारीख आणि रायफलीवरचं साल लिहायला सांगा, मागं वडिलांच्या कँपाचं नाव तुम्ही लिहा. फोटोखाली चौकटीत लावायला तो पुरतो, आणि वहिनींनाही त्याची अडचण व्हायची नाही.